रूळ, तार आणि तपासणी

नव्या लोहमार्गावर प्रवासी गाडी सोडण्याचा निर्णय तो मार्ग बांधणाऱ्या रेल्वेला एकटीने घेता येत नाही. 1989 च्या रेल्वे कायद्यानुसार रेल्वे सुरक्षा आयुक्ताला मार्गाची प्रत्यक्ष पाहणी करावी लागते आणि प्रवाशांच्या जिवाला धोका न होता तो वापरता येईल असा निर्वाळा द्यावा लागतो. हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेचे तपासनीस रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली काम करत. ज्याने बांधायचे, त्याच्याच नोकराने दोष दाखवायचे, ही अडचण पुढे लक्षात आली आणि 1941 साली तपासनीस रेल्वे बोर्डापासून वेगळे काढून टपाल व हवाई खात्याकडे दिले गेले. रेल्वे सुरक्षा आयोग हे आजचे नाव त्यांना 1961 मध्ये मिळाले. तपासनीस वेगळे काढणे हा भारतीय अभियांत्रिकीच्या इतिहासातील एक शहाणा निर्णय म्हणावा लागेल.

या पाहणीचे काम समजून घ्यायला अहिल्यानगर जिल्हा फार सोयीचा आहे, कारण इथे जुना लोहमार्ग आणि नवा लोहमार्ग एकाच स्थानकावर भेटतात. दौंड–मनमाड मार्ग 1878 चा. श्रीगोंद्यापासून राहुरी, बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव असा जिल्ह्याच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा हा मार्ग सव्वाशेहून अधिक वर्षे एकेरीच होता. अलीकडे त्याचे विद्युतीकरण झाले आणि दुहेरीकरणाचे तुकडे एकामागून एक वापरात येत गेले. दुसरा मार्ग अहिल्यानगर–बीड–परळी, एकूण 261 किलोमीटरचा. त्यातील नगर ते न्यू आष्टी हा 66 किलोमीटरचा टप्पा 23 सप्टेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि 17 सप्टेंबर 2025 रोजी गाडी बीडपर्यंत पोहोचली. जुन्या मार्गाशेजारी टाकलेला नवा रूळ असो की पहिल्यांदाच रेल्वे पाहणारा मुलूख असो, आयुक्तांच्या पाहणीशिवाय त्यावर प्रवासी बसत नाही.

पाहणी होते ती मोटार ट्रॉलीवरून आणि बरीचशी पायी. दोन रुळांमधले अंतर 1676 मिलिमीटर आहे का, हे जागोजागी मोजले जाते. वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा किती उचललेला आहे, पुलाच्या बेअरिंगची अवस्था काय, मोऱ्यांतून पाणी वाहून जाते का, खडीचा थर पुरेसा आहे का, हे पाहिले जाते. शेवटी रिकामी किंवा निरीक्षण-डबा जोडलेली गाडी वेगाने पळवून चाचणी घेतली जाते. वर्तमानपत्रांत छायाचित्र येते ते या वेगचाचणीचे. अभियंत्याच्या दृष्टीने मात्र आधीचे मोजमापच जास्त मोलाचे असते, कारण एका दिवसाच्या धावण्यात न दिसणारे दोष त्यातच पकडले जातात.

नगर आणि बीड भागात या मोजमापांत मातीला मोठे स्थान आहे. काळी कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर सरळ भराव टाकून रूळ बसवले, तर एका पावसाळ्यानंतर एक रूळ वर आणि दुसरा खाली, अशी गत होते. म्हणून भरावाच्या माथ्यावर पाणी झिरपू न देणाऱ्या, नीट प्रतवारी केलेल्या मुरूम-खडीचा वेगळा थर देतात आणि प्रत्येक थराची घनता जागेवर तपासतात. एवढे करूनही नवा भराव काही काळ बसत राहतो. त्यामुळे आयुक्त सुरुवातीला कमी वेगाची मर्यादा घालू शकतात, आणि भराव स्थिर झाल्याचे मोजमापांनी दाखवले की ती टप्प्याटप्प्याने उठते. नव्या मार्गावर गाडी सावकाश का जाते, या प्रवाशांच्या तक्रारीमागे अनेकदा हे कारण असते.

गाड्या सुरू झाल्यावर तपासणीचा दुसरा आणि कधीच न संपणारा भाग सुरू होतो. त्याला उद्घाटन नसते आणि फलकही नसतो.

पोलाद तापले की लांबते. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला आणि त्याचे तापमान 40 अंशांनी वाढले, तर तो सुमारे 46 सेंटिमीटर लांबेल. जुन्या काळी दर तेरा मीटरवर सांधा आणि त्यात फट असे, म्हणून गाडीचा तो परिचित खडखडाट ऐकू येई. आता रूळ एकमेकांना वितळजोड देऊन लांबच लांब केले जातात आणि खडी व स्लीपरच्या पकडीत घट्ट बांधून ठेवले जातात. लांबायला वाव नसल्याने ताण पोलादातच साठतो. ज्या तापमानाला रूळ ताणरहित बसवला, त्यापासून 30 अंशांचा फरक पडला तर दर मीटरला 60 किलो वजनाच्या एका रुळात 50 टनांहून अधिक बळ साठते. मेच्या दुपारी हे बळ दाबाचे असते. खडी कमी असेल तर रूळ बाजूला वाकतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते ओढीचे असते, आणि रुळात किंवा जोडात एखादी चीर असेल तर रूळ तुटतो. नगरचा पारा हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या बरोबरीने उतरतो, त्यामुळे या मार्गावर पहाटेची गस्त फार महत्त्वाची ठरते. बॅटरी, हातोडा, लाल कंदील आणि रुळावर ठेवायचे फटाके घेऊन गस्तवाले नेमलेल्या अंतरात पायी फिरतात. दिवसा चावीवाला आपल्या हद्दीतला प्रत्येक क्लिप आणि बोल्ट पाहत जातो. संपूर्ण सुरक्षाव्यवस्थेत सर्वांत कमी पगाराच्या माणसांपैकी हा एक. सर्वांत आधी तुटलेला रूळ दिसतो तो बहुधा त्यालाच.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरेसाठी ध्वनीचा उपयोग होतो. पोलादाच्या पोटातली चीर किती घातक असते, हे जगाला कळले ते 25 ऑगस्ट 1911 रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील मँचेस्टर गावाजवळ. तिथे पुलावर रूळ तुटून गाडी घसरली आणि 29 माणसे दगावली. तुटलेल्या रुळाच्या डोक्यात उभी चीर आतल्या आत वाढत गेली होती आणि बाहेरून रूळ अगदी निरोगी दिसत होता. पुढे एल्मर स्पेरी यांनी 1928 मध्ये रुळातून वीजप्रवाह सोडून अशा चिरा शोधणारी गाडी तयार केली. आज भारतात श्राव्यातीत ध्वनिलहरी वापरतात. रुळावरून ढकलत नेलेल्या छोट्या गाडीतून पाणी ओघळत असते. रूळ आणि शोधक यांच्यामध्ये हवा राहिली तर लहरी पोलादात शिरतच नाहीत, म्हणून हे पाणी. एक शोधक सरळ खाली लहरी सोडतो आणि आडव्या पसरलेल्या चिरा व बोल्टच्या भोकाजवळचे दोष दाखवतो. रुळाच्या डोक्यात उभी वाढणारी चीर मात्र त्याच्या लहरींना समांतर असते, म्हणून ती त्याच्या नजरेतून सुटते. तिच्यासाठी 70 अंशांत तिरक्या लहरी सोडणारे शोधक लागतात. किती दिवसांनी तपासायचे, हे ठरते त्या मार्गावरून किती दशलक्ष टन ओझे गेले यावर. मालगाड्यांची वर्दळ वाढली की तपासणीची फेरीही लवकर येते, आणि हा हिशेब फार समंजस आहे, कारण चीर काळाने नव्हे, चाकांच्या माऱ्याने वाढते.

दोष सापडला की त्याची वर्गवारी होते. तातडीने काढायच्या रुळावर लाल खूण होते, त्याला पट्ट्या आवळल्या जातात, गाड्यांचा वेग ताशी 30 किलोमीटरवर येतो आणि ठरलेल्या दिवसांत रूळ बदलावा लागतो. नुसत्या नजरेखाली ठेवायच्या दोषाची नोंद वहीत जाते आणि पुढच्या फेरीत तो वाढला का, हे पाहिले जाते.

इथेच सगळी व्यवस्था कुठे मोडते ते कळते. 17 ऑक्टोबर 2000 रोजी इंग्लंडमधील हॅटफील्ड येथे ताशी सुमारे 185 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीखाली रूळ तीनशेहून अधिक तुकड्यांत फुटला आणि चार जण मरण पावले. रुळाच्या कडेवरच्या चिरा आधीच लक्षात आल्या होत्या. बदलायचा नवा रूळही महिनोन्‌महिने मार्गाशेजारी पडून होता. तपासणी आपले काम करून बसली होती. दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवण्याची वेळ मात्र कोणी काढली नव्हती. आपल्याकडे याला ‘ब्लॉक’ मिळणे म्हणतात. गर्दीच्या एकेरी मार्गावर असा ब्लॉक मिळणे किती अवघड, हे दौंड–मनमाड मार्गावर काम केलेला कोणीही सांगेल. दुहेरीकरणाचा जास्त गाड्या हा फायदा सगळे मोजतात, पण दुरुस्तीला वेळ मिळणे हा त्याहून मोठा फायदा आहे.

सिग्नलची तपासणी वेगळ्या तत्त्वावर चालते. 1872 मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी मांडलेले ट्रॅक सर्किट आजही त्याच कल्पनेवर उभे आहे. मार्ग मोकळा असताना रुळांतून सौम्य प्रवाह वाहतो आणि एक रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिचे चाक-आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोहोचत नाही, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली किंवा वीज गेली, तरीही रिले पडतो. बिघाडाचा कल नेहमी थांबण्याकडे असावा, ही या रचनेमागची शिकवण. म्हणून सिग्नल बिघडून गाडी उभी राहिली, तर यंत्रणेने आपले काम बरोबर केले, असा त्याचा अर्थ होतो.

ही रचना फसते ती माणसाने तारा बदलल्यावर. नव्या स्थानकावर प्रत्येक मार्गिका इतर प्रत्येक विरोधी मार्गिकेशी ताडून पाहतात. एक सिग्नल हिरवा असताना दुसरा हिरवा होऊ शकतो का, सांधा अर्धवट असताना सिग्नल उतरतो का, याच्या तक्त्यावरच्या शेकडो जुळण्या प्रत्यक्ष करून पाहाव्या लागतात. जुन्या स्थानकात एखादे फाटक बदलले, तरी संबंधित जुळणी पुन्हा करावी लागते. 2 जून 2023 रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे झालेल्या अपघातात 290 हून अधिक माणसे गेली. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या जोडणीतील बदलांमधील चुका हे कारण पुढे आले: मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा होता आणि सांधा बाजूच्या मार्गिकेकडे वळलेला होता. दौंड–मनमाड मार्गावर दुहेरीकरणामुळे जवळजवळ प्रत्येक स्थानकातील सिग्नलची मांडणी बदलली. प्रवाशांना तीन-चार दिवसांच्या ‘नॉन इंटरलॉकिंग’ कामामुळे गाड्या रद्द झाल्याचे कळते, ते याच जुळणीसाठी. तो त्रास सोसण्यासारखा आहे.

विद्युतीकरणाने आणखी एक तपासणी आली. डोक्यावरच्या तारेत 25,000 व्होल्टचा प्रवाह असतो. तारेला हात लागायचीही गरज नाही. पुरेसे जवळ गेले की हवेतूनच ठिणगी उडते. म्हणून तिच्यापासून दोन मीटर अंतर राखण्याचा दंडक आहे. तार पहिल्यांदा चालू करण्याआधी स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर सूचना दिली जाते आणि खांबांचे भूसंपर्कन, इन्सुलेटर, पुलांखालचे अंतर हे सारे मोजले जाते. फाटकांवर दोन्ही बाजूंना लोखंडी आडवी कमान बसवली जाते, म्हणजे ठरलेल्या उंचीपेक्षा उंच वाहन रुळापर्यंत पोहोचूच नये. ऊसतोडणीच्या दिवसांत बेलापूर, राहुरी, कोपरगाव परिसरातल्या फाटकांवरून वाढीव उंचीचे उसाचे ट्रक आणि ट्रॉल्या जातात, तेव्हा त्या कमानीचे महत्त्व कळते. चालू तारेची तपासणी टॉवर वॅगनवरून होते. सैल जोडात विरोध वाढतो आणि त्यामुळे उष्णता वाढते. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात असा जोड आजूबाजूच्या जोडांपेक्षा उजळ दिसतो आणि तुटण्याआधीच बदलता येतो.

गाडीच्या खालच्या भागात यांत्रिकी आणि विद्युत ही दोन्ही शास्त्रे एकत्र येतात. हवेच्या ब्रेकमध्ये सर्व डब्यांतून जाणाऱ्या नळीत 5 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब ठेवतात. दाब कमी झाला की ब्रेक लागतो. डबा तुटून वेगळा झाला, तर नळी उघडी पडते आणि दोन्ही भागांचे ब्रेक आपोआप लागतात. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी 1872 च्या सुमारास ही उलटी रचना आणली, त्याआधी दाब वाढवून ब्रेक लावत आणि नळी फुटली की गाडी अनावर होई. सुटण्याआधी शेवटच्या डब्यातून दाब उतरवून चालकाच्या मापकावर तो दिसतो का, हे पाहतात. स्थानकात गाडी शिरताना दोन्ही बाजूंना उभे राहून चाकांकडे पाहणारे कर्मचारी लटकणारा भाग, चपटे झालेले चाक, आसाची तापलेली पेटी शोधत असतात.

आष्टी मार्गावर सुरुवातीला डेमू गाडी धावली. डेमूमध्ये डिझेल इंजिन विद्युतजनित्र फिरवते आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी चालतात, म्हणजे इंधनाची टाकी, तप्त इंजिन आणि जड केबल हे सगळे प्रवाशांच्या जवळच असते. 16 ऑक्टोबर 2023 रोजी आष्टीहून नगरकडे येणाऱ्या अशा गाडीला नारायणडोह आणि नगरच्या दरम्यान आग लागली आणि पाच डबे जळाले. सुदैवाने प्रवासी उतरू शकले आणि कोणाचा जीव गेला नाही. या गाड्यांत केबलवरचे आवरण, तेलाची गळती, इंजिनकक्षातला केरकचरा आणि अग्निशामक उपकरणांची मुदत यांची तपासणी फेरी-फेरीला व्हायला हवी. मार्ग नवा कोरा असला तरी त्यावर धावणाऱ्या गाडीची तपासणी वेगळी, तिचे वेळापत्रक वेगळे आणि ते पाळण्याची जबाबदारीही वेगळ्या खात्याची असते.

धातू वारंवारच्या ओझ्याने थकतो, हे रेल्वेच्या आसांवर ठळकपणे सिद्ध झाले. 8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून मोठी दुर्घटना झाली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी आस यंत्रावर लाखो वेळा फिरवून दाखवले की एका वेळी सहज पेलवणारे ओझे पुन्हा पुन्हा दिल्यास पोलाद तुटते. आजही वाहनचाचणी याच पायावर उभी आहे, आणि तिचे एक मोठे केंद्र नगरातच आहे. संरक्षण संशोधन संस्थेच्या अखत्यारीतील वाहन संशोधन व विकास आस्थापना, म्हणजे व्हीआरडीई. तिचे मूळ रावळपिंडीजवळच्या चकलाल्यात. फाळणीच्या वर्षी ती नगरला आली. लष्करी वाहनांबरोबरच केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 126 व्या नियमाप्रमाणे नागरी वाहनांच्या नमुन्यांना मान्यता देण्यासाठी नेमलेल्या संस्थांत तिचे नाव आहे. ब्रेक, दिवे, धूर, विद्युतचुंबकीय व्यत्यय या चाचण्यांत नमुना उतरला तरच त्या प्रकारचे वाहन विकता येते. त्यानंतरही कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांपैकी काही उचलून त्या नमुन्याशी जुळतात का, हे तपासण्याची वेगळी तरतूद नियमांतच आहे. एक उत्तम नमुना बनवणे सोपे आणि हजारावी गाडी तशीच बनवणे कठीण, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले होते.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात तिसरी तपासणी बॉयलरची. लोणीचा प्रवरा सहकारी कारखाना 1950 मध्ये सुरू झाल्यापासून गळीत हंगामाआधी बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ जिल्ह्याच्या ओळखीचा झाला आहे. त्या पूजेआधी बॉयलर निरीक्षकाचे प्रमाणपत्र लागते. बॉयलरची दाबचाचणी वाफेने न करता पाण्याने करतात, कारण पाणी फारसे दाबले जात नाही. चाचणीत पत्रा फाटला तर दाब क्षणात उतरतो आणि थोडे पाणी सांडते. तीच चाचणी वाफेने केली असती, तर साठलेली शक्ती स्फोटासारखी बाहेर पडली असती. सुरक्षा झडप ठरलेल्या दाबाला उघडते का आणि पाण्याची पातळी दाखवणारी काच साफ आहे का, या साध्या गोष्टींकडे निरीक्षक बारकाईने पाहतात, कारण पाणी कमी होऊन नळ्या तापणे हे बॉयलर फुटण्याचे जुने कारण आहे.

या सर्वांहून जास्त माणसांशी संबंध येतो तो इमारतींतल्या विजेचा, आणि नगरने त्याची फार मोठी किंमत मोजली आहे. 6 नोव्हेंबर 2021 रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्याच दिवशी अकरा रुग्ण दगावले. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली होती आणि राज्यभरातील रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले होते.

अतिदक्षता विभागात तारांवर पडणारा भार साध्या खोलीपेक्षा वेगळाच असतो. वातानुकूलन यंत्रे, श्वसनयंत्रे, पंप आणि मॉनिटर दिवसरात्र चालू राहतात. ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेल्या हवेत ठिणगी झपाट्याने पेट घेते आणि रुग्णाला स्वतःहून उठून बाहेर जाता येत नाही. अशा ठिकाणी मेगर यंत्राने तारांच्या आवरणाचा विरोध मोजायचा असतो, भूसंपर्काचा विरोध मोजायचा असतो, 30 मिलिअँपिअर गळतीला तुटणारे आरसीसीबी चाचणीची कळ दाबून तपासायचे असते आणि वितरणफळीतील प्रत्येक जोड पूर्ण भार चालू असताना उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पाहायचा असतो. यातील शेवटची तपासणी रिकाम्या विभागात करून उपयोग नाही. नवे यंत्र जोडले, खाटा वाढल्या, जुन्या खोलीचा वापर बदलला, की आधीचे प्रमाणपत्र वेगळ्याच भाराविषयीचे उरते आणि मोजमाप नव्याने करावे लागते.

कायद्याने ही कामे दोन कार्यालयांत विभागली आहेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 प्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ‘ब’, दर सहा महिन्यांनी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. विजेची जोडणी पाहणे मात्र राज्याच्या विद्युत निरीक्षकाकडे येते. पहिल्या कागदात नळ, पंप आणि अग्निशामकाच्या टाक्या असतात. दुसऱ्यात तारा आणि फळ्या. रुग्णालयाच्या प्रशासनाला दोन्ही अहवाल एकत्र वाचून, त्यांतील प्रत्येक दोषासमोर दुरुस्तीचा खर्च, जबाबदार अधिकारी आणि तारीख लिहून घ्यावी लागते, आणि ती तारीख टळली तर तो विभाग बंद ठेवण्याचा अधिकारही कोणाकडे तरी असावा लागतो. रेल्वेत लाल खूण केलेल्या रुळावरून पूर्ण वेगाने गाडी न सोडण्याचा असा अधिकार मार्गाच्या अभियंत्याकडे आहे. रुग्णालयांसाठी तितका स्पष्ट अधिकार ठरवून देण्याचे काम राज्याने हाती घ्यायला हवे.